राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

शाळेच्या हीरकमहोत्सवी अंकात एका घराचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. वास्तू आणि तिची मालकी यांविषयी आपण वाचतो ते बहुधा किल्ल्यांच्या व राजवाड्यांच्या संदर्भात. मध्यमवर्गीय घराची नोंद खरेदीखताच्या पलीकडे क्वचितच जाते. रायपुरातील तात्यापारा, बूढापारा भागांतल्या जुन्या मराठी घरांत कोण राहिले आणि कोणती खोली कशासाठी होती, हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून ज्याचा इतिहास सुदैवाने जपला गेला, अशा एका घराविषयी येथे लिहीत आहे. ते आहे मुंबईच्या दादर येथील हिंदू कॉलनीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'राजगृह'.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. दाट, कोंदट वस्तीचे दुष्परिणाम ध्यानात आल्यावर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने शहराच्या उत्तरेस दादर-माटुंगा हे नवे उपनगर आखले. तेथे रुंद रस्ते, आखीव भूखंड आणि इमारतींभोवती मोकळी जागा होती. हिंदू कॉलनी याच आखणीतून उभी राहिली. ट्रस्टने श्रमिकांसाठी चाळीही बांधल्या. त्यांपैकी परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत, आंबेडकर कुटुंब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. एकाच ट्रस्टच्या चाळीतून त्याच ट्रस्टच्या उपनगरात, असा हा प्रवास. अंतर थोडे, पण तो करायला दोन तपे लागली.

या प्रवासामागे १९१७ सालच्या दोन घटना आहेत. त्या वर्षी बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा बोटीने पाठवलेला त्यांचा ग्रंथसंग्रह महायुद्धातील पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाला. पुढे ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातील उच्च शिक्षण घेतलेल्या या तरुणाला तेथे केवळ जातीमुळे कोणी घर देईना. ज्या पारशी उतारशाळेत ते राहिले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. माणसाला निवारा नाही आणि ग्रंथांनाही नाही, हा अनुभव त्यांच्या वाट्याला एकाच वर्षी आला.

१९३० मध्ये त्यांनी हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. तिसऱ्या गल्लीत 'चारमिनार' ही इमारत उभी राहिली, तर पाचव्या गल्लीत 'राजगृह'. मगधाच्या प्राचीन राजधानीचे हे नाव. पहिली बौद्ध संगीती तेथेच भरली होती. १९३३ मध्ये पूर्ण झालेले राजगृह तीन मजली आहे. मोठ्या धनिकांच्या हवेल्यांशी त्याची तुलना होणार नाही. त्याचे वेगळेपण आतील मांडणीत आहे. कुटुंबाचे वास्तव्य तळमजल्यावर आणि सर्वांत वरचा मजला ग्रंथालय व कार्यालय यांसाठी. घर बांधून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात कपाट ठेवले, असे येथे घडले नाही. पुस्तके मध्यभागी धरूनच घराचा आराखडा झाला. हा संग्रह पुढे पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. १९४१ मध्ये कर्ज फेडण्यासाठी व पुस्तके घेण्यासाठी बाबासाहेबांनी 'चारमिनार' विकली. राजगृह मात्र राखले.

या घराने दुःखही पाहिले. २७ मे १९३५ रोजी रमाबाई येथेच निवर्तल्या. चाळीतील हलाखीत ज्यांनी संसार सांभाळला, त्यांना या मोकळ्या घराचे सुख अल्पकाळच लाभले. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून प्रथम येथेच आणले गेले आणि ७ तारखेला येथूनच त्यांची अंत्ययात्रा निघाली.

बाबासाहेबांचे वास्तव्य असलेले लंडनच्या किंग हेन्री रोडवरील घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथेही २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले. राजगृह मात्र आंबेडकर कुटुंबाकडेच राहिले. तळमजल्यावरील खोल्यांत बाबासाहेबांच्या वस्तू जनतेच्या दर्शनासाठी मांडल्या आहेत. ७ जुलै २०२० रोजी येथे कुंड्या व काचांची मोडतोड झाली, तेव्हा देशभर संताप उमटला. कागदोपत्री मालक एक कुटुंब, पण घर आपलेच मानणारे लाखो, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

आपले माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी घरे बांधत आहेत, सदनिका घेत आहेत. आराखडा हाती येताच आपण स्वयंपाकघर पाहतो, बैठकीची खोली पाहतो, गाडीची जागा पाहतो. त्यासोबत पुस्तकांची जागाही पाहावी, एवढेच एक शिक्षिका म्हणून सुचवावेसे वाटते. मुंबईस जाताना दादरला उतरलात, तर मुलांचा हात धरून पाचव्या गल्लीपर्यंत अवश्य जा.