बसणे, सुरू होणे, चालणे

चेरीतालच्या आमच्या घरी भाच्याने यंदा स्वतःचा कॉम्प्युटर जोडायला घेतला. मढातालच्या बाजारातून आणलेले सुटे भाग सतरंजीवर मांडले होते. रॅमची स्टिक बसेना, तसा तो अंगठ्याने जोर लावू लागला. मी हात धरला. "मामा, दोन्हीकडे २८८च पिना आहेत," तो म्हणाला. ते खरेच होते. पण स्टिक डीडीआर५ जातीची आणि बोर्ड डीडीआर४चा. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ला १.१, चुकून एकीच्या जागी दुसरी जाऊ नये म्हणून मधली खाच मुद्दाम जराशी सरकवलेली असते.

'जुळणे' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत: भाग जागेवर बसणे, मशीन सुरू होणे आणि रॅम छापील वेगाने चालणे. पहिली साधली म्हणून पुढच्या साधतीलच असे नाही.

बसण्याचा हिशेब प्रोसेसरपासून मांडावा. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीने तो २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४च्या वेळी, तर इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७च्या वेळी प्रोसेसरच्या आत नेला. तेव्हापासून कोणत्या जातीची रॅम चालेल हे मुळात प्रोसेसर ठरवतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ आणि एएम५ला डीडीआर५, तिथे घोळ नाही. घोळ होतो इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही जाती पेलतात, पण बोर्डावर स्लॉट सहसा एकाच जातीचे असतात. बी७६० चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात आणि कितीतरी खोक्यांवर फरक सांगणारे अक्षर एवढेसेच असते: 'डी४'. भाच्याची नजर तिथेच चुकली.

सुरू होण्याची अडचण बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मशीन सुरू करणाऱ्या प्रणालीची. २०१८ सालच्या बी४५० बोर्डात २०२० चा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर नीट बसतो, पण बायोस जुना असेल तर पडद्यावर काहीच येत नाही. विकत घेण्याआधी बायोसची आवृत्ती विचारावी. अपडेट करताना मध्येच वीज जाऊ नये म्हणून यूपीएस हवाच.

वेगाचा प्रश्न सर्वांत फसवा, कारण मशीन चालू असते आणि तक्रार करत नाही. ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम बायोसमध्ये छापील वेगाची एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू करेपर्यंत ४८०० किंवा ५६००वरच धावते. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. मग दोन्ही चॅनेल कामाला लागतात आणि डीडीआर४-३२०० ची क्षमता सेकंदाला २५.६ वरून ५१.२ जीबी होते. चारही स्लॉट भरण्याचा मोह मात्र टाळावा. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना ५२०० पर्यंतचा अधिकृत वेग आहे, चार लावल्या की तो ३६००वर येतो. म्हणून ३२ जीबी हवी असेल तर माझे मत ठाम आहे: १६-१६ च्या दोन, एकाच पाकिटातल्या.

भाच्याने बोर्ड बदलून डीडीआर५चा आणला. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला. "थांब, रॅमचं ट्रेनिंग चाललंय," मी म्हणालो. रॅमशी जुळवून घेण्याच्या या कामाला डीडीआर५च्या बाबतीत पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात. आम्ही दोघे सतरंजीवर बसून राहिलो, आणि चहा येईपर्यंत पडद्यावर अक्षरे उमटली.