निरोपाचा अधिकार

जन्मतःच मृत्युपंथास लागलेलें अर्भक आईनें पाहूं नये, पाहिल्यास तिचा शोक वाढेल, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतून रूढ होती. जंतुसंसर्गाच्या भयानें तिला अधिकच बळ दिलें. मूल कांचेपलीकडे जाई, आणि माता रित्या हातांनीं घरीं परते.

हेतु दयेचाच होता. परंतु १९७० सालीं अमेरिकेंतील केनेल, स्लायटर व क्लाउस यांनीं नवजात मुलें गमावलेल्या मातांच्या शोकाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां असें दिसून आलें कीं, मूल तासभर जगो वा कांहीं दिवस, शोक प्रत्येकीस झालाच होता.

पुढें १९८२ सालीं सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या परिचारिकेचें शिक्षण घेतलेल्या संन्यासिनीनें ऑक्सफर्ड येथें ‘हेलन हाउस’ हें असाध्य व्याधि जडलेल्या मुलांसाठीं जगांतील पहिलें शुश्रूषागृह उघडलें. त्याच वर्षीं नवजातांच्या अतिदक्षता विभागांत हेंच तत्त्व लागू केल्याचा डेन्व्हर येथील डॉक्टरांचा वृत्तान्तही प्रसिद्ध झाला.

अशा शुश्रूषेंत परिचारिका बाळाच्या वेदना शमविते, त्याला उबदार दुपट्यांत गुंडाळून आईच्या कुशींत देते, नांवानें हांक मारते, पावलांचे ठसे व जावळाची बट जपून ठेवते, आजीआजोबांना आंत बोलावते. आयुष्य घटकाभराचें असलें तरी त्या घटकेंत तें मूल कोणाचें तरी होतें, ही आठवण कुटुंबाजवळ राहते. यंत्रें मिळवितांना वैद्यकानें जें गमावलें होतें, तें येथें परत मिळालें, असें आम्हांस वाटतें.