कौल
देवतेला प्रश्न विचारून फुले, तांदूळ वा चिठ्ठी यांद्वारे तिची संमती जाणण्याची कोकणातील शकुनपद्धती. रायगडच्या किनारपट्टीपासून सिंधुदुर्ग व गोव्यापर्यंत ग्रामदेवतांच्या देवळांत ती आढळते (पाहा : ग्रामदैवत). शब्द मूळ अरबी. वचन, अभय या अर्थांनी तो मराठेशाहीच्या कागदपत्रांतही येतो (पाहा : कौलनामा).

कौल बहुधा गुरव लावतो. ओल्या कळ्या किंवा पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवून तो गाऱ्हाणे घालतो; ओल सुकत आली की पाकळी सुटते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार हा सर्वसाधारण संकेत. देवळागणिक तो बदलतो. दोन्ही अडून राहिल्यास गाऱ्हाणे पुन्हा घालतात. सोयरीक, विहिरीची जागा, हरवलेली गुरे असे प्रश्न नेहमीचे.

पर्याय दोहोंहून अधिक असल्यास चिठ्ठ्या टाकतात व सहसा लहान मुलाकडून उचलवतात. जत्रेतील पोपटवाल्याचे पत्ते, टॅरो किंवा 36 पत्त्यांचा लेनोर्मां संच यांत चित्राचा अर्थ सांगणारा लागतो (पाहा : टॅरो). कौलात त्याला फारसा वाव नाही. शिवाय तो चारचौघांसमक्ष लागत असल्याने गावकीच्या तंट्यांतही मानला जाई (पाहा : गावकी).