पॉप्लरचा कौल

नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल इतिहासग्रंथांत सहसा आढळत नाही. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांना तेथे पाने मिळतात. कोणत्या पेठेतून कोण निवडून आला ही वार्ता दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात येते आणि तिसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ज्या संस्थानी शहरांत आपल्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या कारकुनी, वकिली आणि मास्तरकी केली, तेथेही दरबारच्या हकिकती घरोघर सांगितल्या जातात; नगरपालिकेच्या जुन्या निवडणुकांची आठवण मात्र एखाद्याच घरात निघते. म्हणूनच एका परक्या शहरातील, एका गरीब वस्तीच्या निवडणूक-निकालाकडे आम्ही या लेखात वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती वस्ती म्हणजे लंडनच्या पूर्वेकडील पॉप्लर, आणि निकालाचा दिवस 1 नोव्हेंबर 1919.

त्या काळी लंडन शहर मध्यवर्ती 'सिटी'खेरीज 28 नगरपालिकांत विभागलेले होते. पॉप्लर ही त्यांपैकी एक. थेम्स नदीच्या वळणात वसलेल्या या भागात बो, ब्रॉम्ली आणि पॉप्लर अशा वस्त्या येत. लोकसंख्या सुमारे 1,60,000. 1802 साली उघडलेली वेस्ट इंडिया गोदी आणि 1806 सालची ईस्ट इंडिया गोदी येथलीच. हिंदुस्थानातून गेलेला माल ज्या धक्क्यांवर उतरे, त्यांच्या मागच्या गल्ल्यांत तो माल वाहणारे हमाल दाटीवाटीने राहत. गोदीतील काम रोजंदारीचे. सकाळी फाटकापाशी गर्दी करावयाची, मुकादमाने बोट दाखविले तर त्या दिवसाची भाकर, नाहीतर रिकाम्या हाती घरी. बो येथील आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींचा 1888 सालचा संप प्रसिद्ध आहे. त्या संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ॲनी बेझंट पुढे आपल्या देशात होमरूलच्या चळवळीत अग्रभागी आल्या, हे वाचकांना ठाऊक आहेच.

महायुद्धामुळे लंडनच्या नगरपालिकांच्या निवडणुका 1912 नंतर थेट 1919 साली झाल्या. दरम्यान 1918 च्या कायद्याने मतदारयादी पालटून गेली होती. भाडेकरू कुटुंबांतील तीस वर्षांवरील विवाहित स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत मोठ्या प्रमाणावर मत मिळाले. त्याहूनही आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा बदल. तोवर सार्वजनिक निधीतून गरिबीचे साहाय्य घेणाऱ्या माणसाचा मताधिकार हिरावला जात असे. ज्याने उपासमारीमुळे हात पसरला, त्याचा कारभारात बोलण्याचा हक्क गेला, असा तो न्याय. 1918 साली ही अट रद्द झाली.

मग निकाल लागला. पॉप्लरच्या 42 जागांपैकी 39 जागा मजूर पक्षाला मिळाल्या. निवडून आलेल्यांत गोदीतील मजूर होते, रेल्वे कामगार होते, गृहिणी होत्या. त्यांचे पुढारी जॉर्ज लॅन्सबरी साठीला आलेले, बो येथे लाकडाच्या व्यवसायात मुरलेले, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी 1912 साली पार्लमेंटची जागा स्वतःहून सोडून पोटनिवडणुकीत पराभूत झालेले गृहस्थ होते. ते नव्या नगरपालिकेचे पहिले महापौर झाले.

येथपर्यंतची हकिकत म्हणजे आकडा. आता त्या आकड्याचे पुढे काय झाले ते पाहावयाचे आहे.

नव्या सभासदांनी घरे बांधावयास घेतली, स्नानगृहे आणि वाचनालये सुधारली, लहान मुलांच्या आरोग्याकडे लक्ष दिले. 1920 साली त्यांनी नगरपालिकेच्या कामगारांसाठी आठवड्याला किमान चार पौंड वेतन ठरविले, आणि ते पुरुषांना व स्त्रियांना सारखेच ठरविले. त्या काळात ही गोष्ट धाडसाची होती. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मंदी आली. जहाजे कमी झाली, गोदीच्या फाटकापाशी उभे राहणारे वाढले, आणि साहाय्याच्या दारात रांगा लागल्या.

येथे इंग्लंडमधील घरपट्टीची रीत थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा प्रसंग समजणार नाही. गरिबांना द्यावयाच्या साहाय्याचा बहुतेक भार ज्या त्या विभागानेच आपल्या घरपट्टीतून सोसावयाचा, असा नियम होता. 1867 पासून लंडनपुरता एक सामायिक निधी होता खरा, पण घरी राहून साहाय्य घेणाऱ्या बेकारांचा खर्च त्यातून भागत नसे. परिणाम असा की, जेथे बेकार अधिक तेथेच घरे स्वस्त, म्हणून पट्टीचे उत्पन्न तुटपुंजे; आणि जेथे वाडे व पेढ्या, तेथे बेकार फारसे नाहीत. पट्टीचा दर एका पेनीने वाढविला तर वेस्टमिन्स्टरमध्ये जेवढी रक्कम उभी राही, तिच्या एका लहानशा अंशावर पॉप्लरला समाधान मानावे लागे. म्हणजे गरिबांनीच गरिबांना पोसावयाचे. त्याशिवाय लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालये चालविणारे मंडळ या शहरभरच्या संस्थांचा हिस्साही पॉप्लरच्या नगरपालिकेने वसूल करून पोहोचवावयाचा होता.

मार्च 1921 मध्ये सभासदांपुढे दोनच वाटा होत्या. पट्टी इतकी वाढवावयाची की भाडेकरूंचे कंबरडे मोडावे, किंवा साहाय्य तोडावयाचे. त्यांनी तिसरी वाट काढली. आपल्या खर्चापुरती पट्टी बसवावयाची, आणि शहरभरच्या संस्थांचा हिस्सा वसूलच करावयाचा नाही, असा ठराव त्यांनी केला. हा ठराव कायद्याविरुद्ध होता, आणि हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते.

काउंटी कौन्सिल न्यायालयात गेली. 29 जुलै 1921 रोजी महापौर सॅम मार्च यांच्यासह सभासद मिरवणुकीने पायी उच्च न्यायालयाकडे निघाले. पुढे वाद्ये, मागे सुमारे दोन हजार माणसे, आणि फलकावर आपण न्यायालयाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे चाललो आहोत असा स्पष्ट मजकूर. न्यायालयाने हिस्सा भरण्याचा हुकूम दिला. सभासदांनी तो मानला नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सप्टेंबरच्या आरंभी 30 सभासदांना तुरुंगात नेण्यात आले. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आणि पाच स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात. त्या पाच जणींत नेली क्रेसल गर्भवती होत्या; त्यांची लवकर सुटका करण्यात आली. सुसान लॉरेन्स या सुखवस्तू घरातील, एकेकाळी सनातनी पक्षाच्या सभासद. मजूर स्त्रियांची अवस्था पाहून त्या पक्ष सोडून आल्या होत्या. लॅन्सबरींच्या सूनबाई मिनी या शिक्षिका, परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबातील कन्या.

तुरुंगात कारभार थांबला नाही. सभासदांनी ब्रिक्स्टनमध्येच नगरपालिकेच्या सभा भरविण्याचा हक्क मिळविला, आणि स्त्री-सभासदांना हॉलोवेहून तेथे आणण्यात येऊ लागले. बाहेर लोक जमत. लॅन्सबरी कोठडीच्या गजांतून त्यांच्याशी बोलत. स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या शेजारच्या नगरपालिकांनीही तसाच ठराव केला. आता सरकारपुढे पेच पडला. आणखी किती सभासद तुरुंगात घालावयाचे, आणि नगरपालिका चालवावयाची कोणी? सुमारे सहा आठवड्यांनी, 12 ऑक्टोबर 1921 रोजी, बंदिवानांची सुटका झाली. नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटने कायदा करून बेकारांच्या साहाय्याचा बराचसा भार साऱ्या लंडनवर वाटून टाकला. श्रीमंत विभागांनी भर घातली आणि पॉप्लरसारख्या विभागांचे ओझे हलके झाले.

या विजयाची किंमत चुकवावी लागली. मिनी लॅन्सबरी तुरुंगातून प्रकृती खालावून आल्या, आणि 1 जानेवारी 1922 रोजी फुप्फुसाच्या दाहाने वारल्या. वय अवघे 32. त्यांच्या स्मरणार्थ बसविलेले घड्याळ बो रस्त्यावर आजही पाहावयास मिळते.

आता आक्षेपाकडे वळू, कारण एकाच बाजूचा इतिहास लिहिणे आम्हाला योग्य वाटत नाही. मजूर पक्षातच या बंडाला विरोध होता. हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन हे स्वतः कामगार वर्गातून आलेले. त्यांचे म्हणणे असे की, कायदा मोडून कारभार करता येतो असे आपणच दाखविले, तर उद्या काउंटी कौन्सिल आपल्या हाती आल्यावर श्रीमंत नगरपालिकांनी हिस्सा देण्याचे नाकारले तर आपण काय उत्तर देणार? हा प्रश्न हलका नाही. 1934 साली काउंटी कौन्सिल खरोखरच मॉरिसन यांच्या हाती आली. पुढे न्यायालयांनीही पॉप्लरला बजावले. चार पौंडांचे किमान वेतन महागाई उतरल्यावरही तसेच ठेवल्याबद्दल हिशेबतपासनिसाने हरकत घेतली, आणि 1925 साली लॉर्डांच्या सभागृहाने ती उचलून धरली. सभासद हे पट्टी भरणाऱ्यांच्या पैशाचे विश्वस्त आहेत. स्वतःच्या परोपकारबुद्धीप्रमाणे तो पैसा उधळण्याचा त्यांना अधिकार नाही, असा त्या निवाड्याचा आशय होता. 'पॉप्लरिझम' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तोही प्रथम निंदेचाच.

मग मतदार काय म्हणाले? आमच्या मते या प्रकरणाचा खरा निवाडा तोच. नोव्हेंबर 1922 मध्ये पुन्हा निवडणुका झाल्या. 1919 साली लंडनभर मिळविलेल्या जागा मजूर पक्षाने या वेळी मोठ्या संख्येने गमावल्या. पॉप्लरने मात्र आपले बहुमत कायम राखले. त्याच महिन्यात पार्लमेंटच्या निवडणुकीत लॅन्सबरी आणि सॅम मार्च हे दोघेही या भागातून निवडून गेले, आणि पुढच्या वर्षी सुसान लॉरेन्स मजूर पक्षाच्या पहिल्या तीन स्त्री-खासदारांपैकी एक झाल्या. ज्यांनी पट्टी भरावयाची होती, त्यांनीच पट्टी अडवून धरणाऱ्यांना दुसऱ्यांदा कौल दिला होता.

या माणसांचा आपल्याशी संबंध नव्हता असे नाही. लोकमान्य टिळक चिरोल खटल्याच्या निमित्ताने 1918 आणि 1919 साली लंडनमध्ये राहिले होते, आणि मजूर पक्षाच्या निवडणूक निधीला त्यांनी दोन हजार पौंड दिले होते. होमरूल लीगच्या वतीने त्यांच्याही आधी बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा मजूर पुढाऱ्यांना भेटून आले होते; काका बॅप्टिस्टा पुढे 1925 साली मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्याच 1925 साली बेझंटबाईंच्या प्रेरणेने तयार झालेले हिंदुस्थानच्या स्वराज्याचे विधेयक पार्लमेंटमध्ये मांडले ते लॅन्सबरींनी. आणि 1931 साली गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी वेस्ट एंडच्या हॉटेलात न उतरता बो येथील किंग्स्ली हॉलमध्ये राहिले. त्या संस्थेच्या चालिका म्युरियल लेस्टर या पॉप्लर नगरपालिकेत ज्येष्ठ सभासद होत्या, आणि माता व बालकांच्या आरोग्याचे काम पाहत होत्या. गांधीजींना ज्या गल्लीतील मुले हाका मारीत, ती मुले याच कारभाराच्या छायेत वाढली होती.

पॉप्लर नगरपालिका 1965 साली टॉवर हॅम्लेट्स या मोठ्या विभागात विलीन झाली. वेस्ट इंडिया गोदीच्या जागी आज बँकांचे उंच मनोरे उभे आहेत. हेल स्ट्रीटवर एका भिंतीवर त्या बंडाचे चित्र आहे. त्याच्या खालून जाणाऱ्यांपैकी किती जण थांबतात, कोण जाणे.

या हकिकतीतून आम्ही कायदेभंगाचा उपदेश काढू इच्छित नाही. मॉरिसन यांच्या प्रश्नाचे उत्तर आजही प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते. पण एक गोष्ट मनात राहते. निवडून आल्यावर आपण कोणाचे, हा प्रश्न पॉप्लरच्या त्या 39 जणांनी मतमोजणीच्या रात्री मिटला असे मानले नाही. ज्यांनी मत दिले त्यांच्याशी आपण करार केला आहे, आणि तो पाळण्यासाठी घरदार सोडून कोठडीत जावे लागले तरी जावयाचे, असे त्यांनी मानले. आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुका होतात, आपण मत देऊन येतो, संध्याकाळी निकाल ऐकतो आणि पुढील पाच वर्षे घरपट्टीची पावती जपून ठेवतो. त्या पावतीवरचा आकडा कोणी, कोणासाठी ठरविला, हे विचारण्याची सवय मात्र आपल्या जुन्या घरांतून हळूहळू गेली आहे. ती पुन्हा लागली, तर एका परक्या वस्तीची ही जुनी गोष्ट सांगितल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.