दस्तऐवज-स्वरूप मानक : व्याप्तीचा वाद

संगणकावर तयार केलेला मजकूर, कोष्टके, आकृत्या इ. ज्या रचनेत साठविल्या जातात, तीस दस्तऐवजाचे स्वरूप म्हणतात. एका प्रणालीत लिहिलेला दस्तऐवज दुसऱ्या प्रणालीत तसाच उघडावा, यासाठी ह्या रचनेचे नियम निश्चित करून प्रसिद्ध केले जातात. हेच दस्तऐवज-स्वरूप मानक होय. अशा मानकाच्या कक्षेत काय यावे, यावरून २००६ ते २००८ या काळात आंतरराष्ट्रीय वाद झाला व भारताने त्यात विरोधाची भूमिका घेतली. हा वाद तांत्रिक असला, तरी त्यामागील प्रश्न जुना आहे : लिहिणारा गेल्यानंतर लिहिलेले कोणास वाचता येईल? नांदेड व लातूर ह्या मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या दप्तरावरून त्याचे महत्त्व स्पष्ट होते.

दप्तराचा पूर्वानुभव : हे दोन्ही प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानच्या कारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली. मराठी नोंदींसाठी मोडी लिपी प्रचारात होती. कालगणना फसली सनाची असे. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन मिळतो. त्यानुसार संस्थानचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा १९०७-०८ चा ठरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला, तर मुधोळ, भैंसा हा भाग नांदेडमधून आंध्र प्रदेशात गेला. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात आले. पुढे १९८२ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला, तेव्हा ते त्यात समाविष्ट करण्यात आले. गाव ज्या नव्या कचेरीकडे गेले, तिला जुन्या कचेरीचे कागद वाचणे भाग होते. भाषा, लिपी व सन यांची माहिती नसलेल्यास मात्र ते कागद हाती असूनही निरुपयोगी होते. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये नेमलेल्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हाही उर्दू, फार्सी व मोडी यांच्या जाणकारांचे साहाय्य घ्यावे लागले. जातीच्या दाखल्यासारखी हक्काची बाब अशा वाचनावर अवलंबून होती.

मानकांचा उदय : ‘ओपन डॉक्युमेंट’ ह्या स्वरूपास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या पुढाकाराने सिद्ध झालेले ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ हे स्वरूप एक्मा ह्या यूरोपीय संस्थेने संमत केले व शीघ्र पद्धतीने आंतरराष्ट्रीय मान्यतेसाठी पाठविले. पहिल्या मानकाचा विस्तार सुमारे सातशे पृष्ठांचा, तर दुसऱ्याच्या मसुद्याचा सुमारे सहा हजार पृष्ठांचा होता.

व्याप्तीचा प्रश्न : पृष्ठसंख्येतील ही तफावत व्याप्तीविषयीच्या दोन भिन्न कल्पनांतून निर्माण झाली. जगातील असंख्य दस्तऐवज एका कंपनीच्या प्रणालीत आधीच लिहिले गेले असून त्यांचे सर्व तपशील जसेच्या तसे जतन करणे हे मानकाचे कार्य होय, असे पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. मानकाने दस्तऐवजाचे वर्णन करावे, तो निर्माण करणाऱ्या प्रणालीच्या सवयींचे नव्हे, असे विरोधकांचे प्रतिपादन होते. जुन्या प्रणालीप्रमाणे ओळींची मांडणी करावी, अशा आशयाच्या काही सूचना मसुद्यात होत्या; परंतु ती प्रणाली नेमके काय करी, हे सांगितलेले नव्हते. तारखांचे उदाहरण विशेष गाजले. लोटस १-२-३ ह्या जुन्या प्रणालीतील चुकीशी सुसंगती राखण्यासाठी १९०० हे लीप वर्ष मानले गेले होते. त्यामुळे जो दिवस कधी उगवलाच नाही, तो २९ फेब्रुवारी १९०० कालगणनेत आला. फसली सनाचा कागद वाचण्यास जशी ५९० ची मिळवणी ठाऊक असावी लागते, तशीच ही चूकही भावी वाचकास ठाऊक असणे आवश्यक ठरले असते.

भारताची भूमिका व निर्णय : भारतीय मानक ब्यूरोच्या समितीत उद्योग, शिक्षणसंस्था व शासन यांचे प्रतिनिधी होते. सप्टेंबर २००७ च्या मतदानात भारताने हरकती नोंदवून मसुदा नाकारला. त्या वेळी तो एकूण मतदानातही नामंजूर झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनीव्हा येथे पाच दिवसांच्या बैठकीत सुमारे एक हजार दुरुस्त्या विचारार्थ होत्या. त्यांपैकी अनेकींवर प्रत्यक्ष चर्चा होऊ शकली नाही. त्यानंतरही भारताने विरोध कायम ठेवला. तथापि मानकास आवश्यक बहुमत मिळाले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांची अपिले ऑगस्टमध्ये फेटाळण्यात आली व नोव्हेंबर २००८ मध्ये मानक प्रसिद्ध झाले. त्यात काटेकोर व संक्रमणकालीन असे दोन वर्ग करून जुन्या प्रणालींच्या सवयी दुसऱ्या वर्गात ठेवण्यात आल्या. व्यवहारात मात्र हा दुसरा वर्गच अधिक रूढ झाला. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले.

मराठीच्या दृष्टीने : दोन्ही मानके अक्षरांच्या संकेतांकनासाठी युनिकोडवर विसंबतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखनात प्रत्येक टंकसंचाचे संकेत वेगळे असत. असा मजकूर खुल्या स्वरूपात साठविला, तरी मूळ टंकसंच नसल्यास पडद्यावर असंबद्ध चिन्हेच दिसतात. याचा अर्थ, दस्तऐवजाचे स्वरूप प्रमाणित झाले तरी लिपीचा संकेत त्याच्या कक्षेबाहेर राहिल्यास वाचनीयता अपुरीच राहते. मोडी व उर्दू दप्तर वाचण्यासाठी निदान जाणकार मिळतात. अप्रसिद्ध संकेतांत लिहिलेला संगणकीय दस्तऐवज मात्र संकेताचे कोष्टक प्रसिद्ध असेल तरच पुढील पिढ्यांस खात्रीने वाचता येईल. मानकाच्या व्याप्तीचा विचार म्हणूनच अभिलेख-जतनाच्या विचाराचा भाग ठरतो.