हवा ओळखण्याची विद्या

पुण्याहून नगरकडे जाताना शिरूरच्या अलीकडे रांजणगाव लागते. महागणपतीच्या दर्शनास येणारा यात्रिक येथे उतरतो. आणि त्याच गावच्या औद्योगिक वसाहतीतून मोटारी बाहेर पडतात. २००९ साली फियाटच्या 'लिनिया' व 'ग्रांदे पुंटो' आणि २०१७ साली 'जीप कंपास' या गाड्या येथूनच बाजारात आल्या. परंतु यांपैकी एकीतही कार्बुरेटर नाही. ज्या यंत्राने मोटारीस जवळजवळ शंभर वर्षे श्वास पुरविला, त्याचा मागमूसही या गाड्यांत नसावा, ही गोष्ट इतिहासप्रेमी माणसास विचार करावयास लावणारी आहे.

बेंझच्या १८८५ सालच्या पहिल्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिची वाफ एंजिनास दिली जाई. १८९३ साली जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोन्का यांनी इंधनाचा तुषार उडविण्याची युक्ती योजिली. तिचे मूळ इटालियन पंडित व्हेंचुरी याने १७९७ साली वर्णिलेल्या तत्त्वात आहे. नळी जेथे अरुंद होते तेथे प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो. त्या घटलेल्या दाबाच्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर येते व हवेत मिसळते. सारी करामत एवढीच.

परंतु या साधेपणातच त्याचा दोष आहे. एंजिनास हवेचे वजन हवे असते. कार्बुरेटर मात्र ते वजन नीट ओळखीत नाही. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, आणि पुरेपूर जोर हवा असेल तर साडेबारा-तेरा. हवा विरळ झाली तरी जेटचे छिद्र तेवढेच राहते, व मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. मुंबईच्या किनाऱ्यावरून गाडी घाट चढून सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यास आली की हवा शेकडा पाचसहा टक्क्यांनी विरळ होते. पहाटेच्या १५ अंशांवरून दुपारच्या ३५ अंशांवर पारा चढला तरी फरक जवळपास तितकाच पडतो. म्हणजे गाडी जागची न हलता रोज एक घाट चढत-उतरत असते! १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट गाड्या, ज्यांना पुढे 'पद्मिनी' हे नाव मिळाले, त्या हा भेद निमूटपणे सोशीत. घरी जाणाऱ्या कुटुंबास त्याची जाणीवही होत नसे.

शर्यतीत मात्र ती होते. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ धावेची शर्यत अमेरिकेत रुजली, आणि १९५१ साली तिची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आपल्याकडे अलीकडच्या काळात मुळशीकडील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या. येथे निकाल सेकंदाच्या शतांशावर लागतो, म्हणून खरी शर्यत दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत होते. मिस्त्री प्लग काढून पाहतो. त्यावर काजळी असेल तर मिश्रण दाट, पांढुरका असेल तर विरळ, आणि फिकट तपकिरी असेल तर समाधान. मग तो तरंडाची पातळी तपासतो, जेट एका क्रमांकाने बदलतो, ठिणगीची वेळ पाहतो, आणि दिवसाचे तापमान, वायुभार व धावेची वेळ वहीत टिपतो. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा या विद्येचा पहिला नियम होय. हार झाली की एकदम तीन गोष्टी बदलण्याचा मोह होतो. आणि तसे केल्यावर जीत झाली तरी ती कशाने झाली हे कळत नाही. अशी जीत हारीपेक्षाही निरुपयोगी!

१९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी धुराविषयीचे कडक नियम लवकर लागू करविले. देशभरही नियम कडक होत गेले, आणि मोटारींतून कार्बुरेटर मागे पडला. हवा मोजून इंधन तोलणारी विद्युत्-यंत्रणा त्याच्या जागी आली. अमेरिकेतील शर्यतींच्या 'प्रो स्टॉक' वर्गानेही २०१६ पासून तीच स्वीकारली. हे योग्यच झाले; शहरांच्या फुप्फुसांपुढे मिस्त्रीच्या कौशल्याचा कैवार घेणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि यंत्राबरोबर एक शिस्तही जाऊ पाहते. तलवारींचा इतिहास आपण लिहितो, कारण त्या संग्रहालयात टिकतात. कानाने एंजिन ओळखणाऱ्याचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबरच जाते. तेलाने माखलेली ती वही म्हणजे आपल्या डोंगर-किनाऱ्याच्या हवेची बखरच आहे. आपल्या आळीत एखादे जुने गॅरेज असेल, तर तेथील वृद्ध मिस्त्रीस ती वही रद्दीत घालू नका, एवढे सांगून यावे. रांजणगावच्या नव्या एंजिनांना तिची गरज नाही. गरज आहे ती आपणांस.