इंधन देणाऱ्याचे पदक

फॉकलंड युद्धाच्या इतिहासात ३० एप्रिल १९८२ ची रात्र एका व्हल्कन बॉम्बफेकी विमानाच्या नावावर जमा आहे. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून निघून त्याने सुमारे ६,३०० किलोमीटर दूर, पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर पहाटे २१ बॉम्ब टाकले. जाऊन परत येण्याइतके इंधन मात्र व्हल्कनच्या टाक्यांत मावत नव्हते. म्हणून ११ व्हिक्टर टँकर त्या रात्री आकाशात होते.

टँकर व्हल्कनला इंधन देत, एकमेकांनाही देत. ज्याचे देऊन झाले तो माघारी फिरे. टँकरने मागे लांब नळी सोडायची, घेणाऱ्याने आपल्या नाकावरची दांडी नळीच्या टोकाच्या टोपलीत अचूक घालायची. तीही काळोखात, रेडिओवर न बोलता.

दक्षिणेत वादळाने गाठले. बॉब टक्सफर्ड यांच्या टँकरकडून इंधन घेताना दुसऱ्या व्हिक्टरची दांडी मोडली. व्हल्कनसोबत शेवटच्या टप्प्यापर्यंत जायचे ते नेमके याच विमानाने. टक्सफर्ड यांनी दिलेले इंधन परत घेतले आणि त्याची जागा घेतली. अखेरच्या भरणीत व्हल्कनला ठरल्यापेक्षा कमीच मिळाले. पण तेवढे दिल्यावर टक्सफर्ड यांच्याकडे असेन्शन गाठण्यापुरतेही उरले नाही. हा निर्णय त्यांनी आपल्या चार सहकाऱ्यांना विचारून घेतला होता. व्हल्कनचे वैमानिक मार्टिन विदर्स यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. टँकर हात आखडता घेऊन वळला, एवढेच त्यांना दिसले.

मदत मागावी तर रेडिओ सुरू करावा लागणार आणि व्हल्कनचा सुगावा लागण्याचा धोका. म्हणून समुद्रात पडण्याची शक्यता समोर असूनही हे पाचजण गप्प राहिले. व्हल्कनचा यशाचा सांकेतिक शब्द कानी आला, तेव्हाच त्यांनी टँकर मागवला. तो वेळेत पोचला.

एक बॉम्ब धावपट्टीवर पडला. तरीही अर्जेंटिनाची हर्क्युलिस मालवाहू विमाने तिथे उतरत राहिली. विदर्स यांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळाला, टक्सफर्ड यांना 'एअर फोर्स क्रॉस'. त्या काळच्या नियमांत पहिले पदक शत्रूविरुद्धच्या मोहिमेतील शौर्यासाठी होते, दुसरे अशा मोहिमेबाहेरील शौर्यासाठी. टँकरसमोर शत्रू नव्हता, हे नियमाला धरूनच होते. पण त्या रात्री स्वतःच्या परतीचे इंधन दुसऱ्याला देणारे एकच विमान होते, आणि शौर्याच्या वर्गवारीत त्यासाठी रकाना नव्हता.